पाठ न टेकवण्याचं व्रत

आमच्या गावात कोणत्या दिवशी काय खायचं नाही, हे बायका पंचांगाच्या आधी मला विचारतात. मोठेपणा म्हणून सांगत नाही, जे आहे ते सांगते. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी, शिवाय चातुर्मासात दिवस उगवल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत मौन. एकोणीस वर्षांत यातला एकही नेम मोडला नव्हता. एकदा चांगला आठ दिवस ताप आला होता, तर त्या तापालाही माझ्याबरोबर गुरुवारचा उपास घडला.

तेव्हा, "बाबा, नागपंचमीपर्यंत तुमचा आखाडा पोरांनी भरून देते," असं मी वडिलांना म्हणाले, त्यावेळी माझ्या मनात तिळभरही शंका नव्हती. जी बाई श्रावणातल्या चार सोमवारांत पाण्याचा थेंब घेत नाही, तिला चार आयांना पटवणं काय अवघड?

आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे. माझं माहेर आणि सासर एकाच गावातलं, आणि दोन्ही घरांच्या मधोमध आखाडा. माझी वरात निघाली ती आखाड्याला वळसा घालून लगेच संपली. वळसा अशासाठी, की बाईमाणसानं आखाड्यात पाऊल ठेवायचं नाही. नियम माझ्या बाबांचा, म्हणजे दुधराम वस्तादांचा. मागच्या कुडाच्या भिंतीला एक फट होती. सात वर्षांची असल्यापासून मी त्या फटीला डोळा लावून उभी राहायची. आत लाल माती, तिच्यात ताक, हळद आणि मोहाच्या बियांचं तेल. तो वास फटीतून यायचा आणि माझ्या परकराला लागून घरी यायचा. पहाटे पैलवानांनी शड्डू ठोकले की आमचा कोंबडा खजील होऊन गप्प बसायचा.

एकदाच बाबांना विचारलं होतं, "मी येऊ का आत?"

"तू भात रांधाले शिक," बाबा म्हणाले.

भात शिकले. फट मात्र सोडली नाही.

ही गोष्ट त्रेपन्न सालची. तोवर बाबांचे पठ्ठे पांगले होते. कोणी गोंदियाच्या तांदळाच्या गिरणीत, कोणी विडीच्या कारखान्यात, कोणी रेल्वेत गँगमन. आखाड्याच्या भिंती निम्म्या पडल्या आणि आत शेळ्या बसू लागल्या. बाबा सत्तरीला टेकलेले. तरी रोज पहाटे जायचे, एकटेच माती उकरायचे आणि मग दगडावर बसून दाराकडे पाहत राहायचे. मी घागर घेऊन मागून जाताना पाय हळू टाकायची. वाटायचं, आज तरी एखादा शड्डू ऐकू येईल. ऐकू यायची ती शेळी.

अशात सरपंच केवळराम पाटील बाबांकडे आले.

"वस्ताद, मोकाट ढोरं लई झाली गावात. कांजी हाऊस बांधा लागते, कोंडाले. तुमची जागा तशीही रिकामीच हाये."

"रिकामी कोन म्हनते? मी बसून राहतो ना तठी."

"तुमी काय ढोर हाव का? बरं, नागपंचमीपर्यंत पाहू. त्या दिवशी एक तरी कुस्ती निकाली झाली, तं जागा तुमची. नाही तं ढोरायची."

निकाली म्हणजे एकाची पाठ मातीला लागली पाहिजे. फक्त एक पाठ. मागणं काही फार नव्हतं.

बाबांनी पारावर गावच्या आईबापांना बोलावलं. बोलले मोठं खरं. आखाड्यात पोराला भूक लागते, झोप लागते, पाठ सरळ होते. ज्याला आपली ताकद माहीत असते तो उगाच कोणावर हात उगारत नाही. "अन आमी पैल्या दिवशी मारणं नाही शिकवत, पडणं शिकवतो," ते म्हणाले. "हनुवटी छातीले लावून पडलं का डोकं फुटत नाही. जो पडाले शिकला त्याले कायचंच भेव नाही."

पण ऐकतंय कोण? आया सगळ्या त्यांच्या कानांकडे पाहत होत्या. जन्मभर माती घासून बाबांचे कान कढईत विसरलेल्या दोन वड्यांसारखे झाले होते. शेवटी तुलसानं पदराआडून विचारलंच. तुलसा म्हणजे आमच्या शेजारची, तिचा चैतराम दहा वर्षांचा.

"वस्ताद, सगळ्यायचे कान असेच होते का जी?"

"होते ना," बाबा अभिमानानं म्हणाले. "पाच वर्षांत होते."

त्यांना वाटलं, आणखी एक फायदा विचारतेय. पार रिकामा झाला.

म्हणून मग मी उतरले. आयांना पटवायचं तर बाईनंच. फक्त एक अडचण होती. माझा आवाज फार हळू. आमच्या घरचे जेवताना मीठ मागतात आणि मी "देते" म्हणते, ते त्यांना पानात मीठ पडल्यावर कळतं.

पहिलं घर सुलोचनाबाईंचं. यांना एक गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत गावाला वेगळी सांगावी लागत नाही. त्या तांदूळ पाखडत होत्या.

"पोराला पहाटे उठवायचं," मी म्हणाले. "आंघोळ घालायची. आखाड्यात गेल्यावर मारुतीला नमस्कार, माती कपाळाला. मग जोर, बैठका. घरी आल्यावर दूध. शिवी द्यायची नाही, खोटं बोलायचं नाही."

सूप थांबलं.

"किती दिवसाचं हाये, बाई?"

"नागपंचमीपर्यंत तरी..."

"फळ काय?"

"अंग धरतं. भूक लागते. मन ठिकाणावर राहतं."

"अन उद्यापन?"

इथं मी म्हणायला हवं होतं, की अहो, हे व्रत नाही, ही कसरत आहे. तोंड उघडलंही होतं. पण सुलोचनाबाईंनी सूप खाली ठेवून हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे मला कधी बोलता आलेलं नाही. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी पहाटे घागर घेऊन निघाले. भिंतीजवळ आले आणि थांबले. आतून आवाज येत होता. चार लहान मांड्यांवर चार लहान शड्डू, पापड मोडल्यासारखे. फटीला डोळा लावला. चार पोरं, कपाळाला माती, आणि समोर बाबा. असे ताठ, की त्यांचे कानसुद्धा जरा सरळ झाल्यासारखे वाटले. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. कमरेवरची घागर कलंडून लुगडं भिजलं तेव्हा भानावर आले.

आणि मग तुम्हीच सांगा, त्या दिवशी मी कोणत्या तोंडानं सांगायला जाणार होते, की बायांनो, हे व्रत नाही?

रोवणीचे दिवस होते. बांधीत पंधरा बायका ओळीनं ओणव्या, हातात धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, पोटऱ्या चिखलात. अशा ओळीत एका टोकाच्या धुऱ्यावर टाकलेलं बोलणं दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावर पोचेतो त्याला फुटवे आलेले असतात. या टोकाला सुलोचनाबाई म्हणाल्या, शनिवारी पोराला अळणी द्यायचं. मधे कोणी म्हणालं, पोर आखाड्यातून परत येईतो आईनं पाणी प्यायचं नाही. पलीकडे ठरलं, की लंगोट वेगळ्या दोरीवर वाळवायचा. मी सोळावी, मधोमध. सकाळची वेळ, म्हणजे माझं मौन.

मग तुलसा म्हणाली, "एकादशीले आपन दिवसा पाठ टेकत नाही. मंग या व्रतात पोरानं पाठ टेकवली तं चालन का वो?"

"कुठी? आखाड्यात?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"आखाड्यातच त."

पंधरा कमरा एकदम सरळ झाल्या. पंधराजणी माझ्याकडे पाहू लागल्या.

सूर्य डोक्यावर यायला अजून दीड तास होता. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. हातात पऱ्ह्यांची ओली जुडी होती. चिखलाचे शिंतोडे चौघींच्या डोक्यावर उडाले. त्यांनी ते बोटांनी टिपून डोळ्यांना लावले.

"बाईनं आशीर्वाद देल्ला," सुलोचनाबाई म्हणाल्या. "ठरलं मंग. पाठ नाही टेकवाची."

एक शब्द बोलायचा होता. फक्त एक. पण एकोणीस वर्षं जिभेवर येऊन बसली आणि हलेनात. मी वाकले आणि रोवायला लागले. त्या ओळीतली माझी रोपं इतकी वाकडी लागली की धान निसवेपर्यंत लोक विचारत होते, इथं कोणी रोवलं.

दुपारी मौन सुटल्याबरोबर तुलसाला गाठलं. "अगं, तसं काही नाही. पोरांची पाठ टेकली तरी चालतं. टेकायलाच पाहिजे."

तुलसाचे डोळे भरून आले. "बाई, तुमी किती मायाळू. आमच्यासाठी सोपं करून राहिल्या. पन आमी कठीनच करू."

नागपंचमी आठ दिवसांवर आली तेव्हा आखाड्यात सत्तावीस पोरं होती. शेळ्यांनी आपण होऊन जागा सोडली. आणि बाबा? बाबा पुन्हा दूध प्यायला लागले. आमच्या ओसरीवर येऊन आमच्या घरच्यांना सांगायचे, "जावाईबापू, उभ्या जन्मात असे पोट्टे पाहले नाही. टांगेचा डाव लावा का ढाकेचा, एकाची पाठ टेकंल तं शप्पथ. पडाचं कसं ते शिकवाचं राहूनच गेलं. पडतेच कोन?"

आतून मी ऐकत होते. त्यांचा आवाज इतका तरुण झाला होता, की खरं सांगायला उठले आणि ताक घेऊन बाहेर गेले. ताक देऊन परत आले.

नागपंचमी उजाडली. त्या दिवशी माती खणायची नाही, म्हणून बाबांनी आदल्या दिवशीच उकरून, तेल पाजून ठेवली होती. पंच म्हणून गोंदियाहून पॅसेंजरनं मुन्नालाल पहलवान आले, बाबांचे जुने जोडीदार, पिवळा फेटा बांधून. केवळराम पाटील आले ते हातात मोजायची दोरी घेऊनच. सत्तावीस आया उपाशीपोटी बाहेर बसल्या. भिंती पडलेल्या, त्यामुळे बाहेरूनही सगळं दिसत होतं. मी तिथंच, मौनात.

पहिली जोडी सोडली. चैतराम आणि सुलोचनाबाईंचा पोरगा. सलामी झाली. टाळी झाली. आणि दोघंही क्षणात पोटावर पालथे पडले, हातपाय पसरून, बोटं मातीत रुतवून. पावसाळी बेडकांसारखे. हलेनात.

"उठ रे," बाबा म्हणाले.

"पडन जी," चैतराम मातीत तोंड खुपसून म्हणाला.

दुसरी जोडी पालथी. तिसरी पालथी. चौथ्या जोडीनं उभ्यानंच एकमेकांना मिठी मारली आणि सोडेचनात, शेवटी त्यातला एक दुसऱ्याच्या खांद्यावर झोपला. पाचव्या जोडीनं दोन्ही बाजूंच्या खांबांना एकेक मिठी मारली. बाहेर आया जपमाळ ओढत होत्या आणि आपापल्या पोराला बोटानं खुणावत होत्या, पालथा राह, पालथा राह.

मुन्नालालांनी फेटा काढला, डोकं खाजवलं. "वस्ताद, पचास साल हो गए। ये कौन सा दाँव है?"

 बाबा एका पोरापासून दुसऱ्यापर्यंत जात होते, ओणवे होऊन पाहत होते. मग त्यांना कळलं, पोरं पाठ जपतायत.  दगडावर जाऊन बसले. महिनाभर ताठ असलेली पाठ हळूहळू वाकत गेली, आणि ते दाराकडे पाहू लागले. शेळ्यांच्या दिवसांत पाहायचे तसेच.

केवळराम पाटलांनी दोरीचं एक टोक खांबाला बांधलं. "वस्ताद, हे कुस्ती हाये का रोवनी? अठून तठवर धरा रे कोनी. बारा हात भरते का पाहू."

सूर्य डोक्यावर यायला अर्धा तास होता. बोलायचं नाही. पण मौनात चालायला बंदी नसते. मी उठले, आणि आत गेले.

मागून पन्नास श्वास एकदम आत ओढल्याचा आवाज आला. असं मला नंतर कोणी सांगितलं, मला तेव्हा ऐकूही आलं नाही. पायाखाली माती होती. चौतीस वर्षं फटीतून पाहिलेली. वाटलं होतं त्यापेक्षा मऊ. गार.

माझा बेत साधा होता. एका पोराला हातानं धरून उलटं करायचं, पाठ टेकवायची, काही बिघडत नाही हे आयांना दाखवायचं. चैतराम जवळ होता. त्याचा दंड धरला आणि ओढला. तो पालथाच. आणखी जोर लावला. तो उठला तो घाबरूनच, आणि बाबांनी महिनाभर घोटून घेतलेली गोष्ट त्याच्या अंगानं आपोआप केली. माझ्या पायात पाय घातला आणि कमरेतून फिरला.

टांग. फार सुंदर टांग. मी नऊवारी लुगड्यासकट हवेत गेले आणि सपशेल चितपट पडले.

वर कौलं नव्हती तिथून आभाळ दिसत होतं. कानात माती, केसात माती. ताक, हळद, तेल. सात वर्षांची असताना परकराला लागून घरी यायचा तोच वास, आता सगळा माझा. उठावंसं वाटेना. सत्तावीस आया, सरपंच, गोंदियाचे पंच पाहतायत, आणि मी आपली आभाळाकडे तोंड करून पडलेली.

"मी नाही जी," चैतराम रडकुंडीला आला. "माही पाठ नाही टेकवाची होती. बाईच्या पाठीचं काई सांगतलं नव्हतं."

मग मी बोलले. सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता. एकोणीस वर्षांचं मौन मोडलं.

"हे व्रत नाही," मी म्हणाले. "मी खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. पोरांना पडू द्या. इथं आधी पडायलाच शिकवतात."

माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. ऐकलं फक्त बाबांनी. ते दगडावरून उठले आणि सगळं जसंच्या तसं त्यांच्या आवाजात गावाला ऐकवलं.

 सुलोचनाबाई उभ्या राहिल्या. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "बाईनं आपल्यासाठी मौन मोडलं. आपल्यासाठी पाठ टेकवली. उद्यापन झालं. आता जो पडन त्याचं व्रत पुरं."

"अहो, व्रतच नाही..." मी खालून म्हणाले. कोण ऐकतो.

"चैत्या, टेकव पाठ," तुलसा ओरडली.

त्यानंतर जे झालं त्याला कुस्ती म्हणायचं की नाही, यावर गावात अजून वाद आहे. पोरं एकमेकांना विनवत होती, आधी मला पाड. सत्तावीस पोरं म्हणजे तेरा जोड्या आणि एक उरलेला. तो उरलेला स्वतःच जाऊन उताणा झोपला.

"इसको किसने गिराया?" मुन्नालालांनी विचारलं.

"आपलाच पडलो जी."

जिंकलेली पोरं रडत होती, कारण त्यांची पाठ टेकायची राहिली होती. नारळ जिंकणाऱ्याला द्यायचा, तर कोणी घेईना. मुन्नालालांनी शेवटी तो फोडून सगळ्यांना वाटला आणि संध्याकाळच्या गाडीची वाट न पाहता चालत निघाले.

केवळराम पाटील दोरी हातात घेऊन उभे. पडलेल्यांत त्यांचा नातू होता, आणि बाहेर त्यांची बायको सकाळपासून उपाशी बसून त्यांच्याकडेच पाहत होती.

"निकाली म्हनलो होतो," ते म्हणाले. "निकाल तं लागला." आणि दोरी गुंडाळून खिशात घातली. कांजी हाऊस पुढं त्यांच्याच वाड्यामागे झालं.

संध्याकाळी बाबा आमच्याकडे आले. मी अंगणात तुळशीशी होते.

"लागलं का?"

"नाही."

"डोकं?"

"नाही."

 "हनुवटी छातीले लावली होती तू. मी पाहलं. कोनं शिकवलं?"

"तुम्हीच. मागच्या भिंतीला फट आहे."

बाबांनी आखाड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तवाच आत याले पाहिजे होतं."

"तुम्ही येऊ दिलं नसतं."

"नसतं," बाबा म्हणाले, आणि कान खाजवत घरी गेले.

याला आता सहा वर्षं झाली. बाबा गेल्या वर्षी गेले. आखाडा भरलेला असतो, तीन गावांच्या आया पोरं आणून घालतात, आणि पहाटे शड्डू ऐकू येतात, आता पापडासारखे नाही, चांगले. बाहेरच्या दंगलीत मात्र आमच्या गावानं अजून एकही कुस्ती मारलेली नाही. पण आमच्या पोरांसारखं सुरेख पडणं सालेकशापासून गोंदियापर्यंत कोणाला जमत नाही, असं मुन्नालाल पहलवान स्वतः म्हणतात. चैतराम तर परवा आंब्याच्या झाडावरून पडला आणि हसत घरी आला.

माझं मौन मोडलं हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्याचं प्रायश्चित्तही मी घेतलं. पण त्या दिवशी आणखी एक नेम मोडला, तो कोणाला माहीत नाही. संध्याकाळची आंघोळ मी केली नाही. आणि ते लुगडंही धुतलं नाही. अजून तसंच आहे, पेटीत, सगळ्यात खाली. कधी घरात कोणी नसलं की झाकण उघडते. तुम्हाला म्हणून सांगते, कुठं बोलू नका. सुलोचनाबाईंना कळलं तर त्याचंही व्रत होईल.